आप्पांचा बैल आणि माझं ताकदवान मशीन

गेमच्या कन्सोलची पूजा करू नये, असं कुठल्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी नवाकोरा कन्सोल घेऊन उमरग्याजवळच्या आमच्या गावी गेलो. थोरली बहीण, आक्का, तिचा जुना टीचभर कन्सोल घेऊन आधीच आली होती. तिच्या गेममध्ये खडूनं काढल्यासारखे डोंगर आणि चार रेघांची एक शेळी! मला हसू आवरेना.

"आक्का, ही बालवाडीची पाटी हाय का? माझ्या मशीनची ताकद बघ. गवताची पात न् पात दिसती!"

"दिसती रे. पण बघत बसावं वाटतं का?"

निवाडा वडिलांकडं, म्हणजे आप्पांकडं गेला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत ती आप्पांनीच, असं अख्खं गाव म्हणायचं. आक्काच्या रांगोळीला त्यांनी कैकदा शाब्बास म्हटलेलं. मला एकदाही नाही. (माझ्या चित्रातला बैल ते अगदी प्रामाणिकपणे गाढव समजत.) ती एक शाब्बासकी मिळावी म्हणूनच तर एवढं मशीन आणलं होतं!

मी शेतीचा गेम लावला. आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं.

"बैल हुबेहूब हाय. पण माशी बसली तरी शेपूट का हलवत न्हाय?"

मग आक्काची शेळी. ढग गडगडले आणि तिनं नुसता एक कान टवकारला.

"आगं, ही तर आपल्या गोठ्यातली चंद्री!" आप्पा खुर्चीतून पुढंच सरकले.

मला वाईट वाटलं, अगदी लहानपणीसारखं. "थांबा आप्पा, उद्या तुम्हाला मोठी लढाई दाखवतो!"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, घरातल्या अवजारांची पूजा. आईनं कुदळ, विळा, शिलाई मशीन मांडलं आणि शेजारी माझा कन्सोल. ट्रॅक्टरपेक्षा ताकदीचा आहे अशी बढाई मीच मारलेली, म्हणून हळदीकुंकूही ट्रॅक्टरच्या मापानं! तेही नेमकं वरच्या जाळीवर. मी घाईघाईत तसाच उचलून टीव्हीला जोडला. लढाई पेटली, मशीन तापलं, आतला पंखा घोंगावला आणि भस्सकन् सगळी हळद उडाली. मशीन बंद, मी पिवळा, नुकताच चुना दिलेली भिंत पिवळी.

"आरं देवा, घरात भंडारा उधळला की रं!" आई ओरडली.

आप्पा मात्र भिंतीवरच्या डागाकडं बघत राहिले. मग तळहातावर कुंकवात पाणी कालवून त्यांनी बोटानं दोन शिंगं ओढली. चार पाय दिले. शेवटी माशी हाकलणारी एक शेपूट. भिंतीवर बैल उभा राहिला.

माझी अख्खी लढाई त्या रेघांपुढं फिकी होती. हे मलासुद्धा कळलं, आणि या वेळी वाईट वाटलं नाही.

आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! पैल्यांदा रंग बरोबर जागी टाकलास."

शर्टावर त्यांचा लाल पंजा उमटला. मशीन मी लगेच दुरुस्तीला टाकलं. शर्ट मात्र, माझी चाळिशी उलटली तरी, अजून धुवायला टाकलेला नाही.