स्पेअरिंगली म्हणजे बेतानं

एका इंग्रजी शब्दावर अख्खं आयुष्य काढलेला माणूस साऱ्या वसई तालुक्यात एकच, आमचे कंपाउंडरकाका. तुळिंजच्या दवाखान्यात ते मलमाची ट्यूब हातात देत आणि तिच्यावरचा बारीक अक्षरांतला ‘स्पेअरिंगली’ हा शब्द समजावल्याशिवाय पेशंटला हलू देत नसत. गिरीजहून केळी विकायला येणाऱ्या एका बाईंनी वैतागून विचारलं, “म्हंजे थोडाच लावायचा ना?” काका दुखावले. “थोडं नव्हे, बेतानं! औषध भेटायला आलंय असं कातडीला वाटलं पाहिजे, राहायला आलंय असं नाही.”

निवृत्तीनंतर मलमं सुटली, शब्द सुटला नाही. चहात साखर स्पेअरिंगली, हसणं स्पेअरिंगली. सोसायटीच्या पूजेला तर प्रसाद इतका बेतानं घेत, की भटजी पुन्हा हात पुढे करत. काकू गेल्या तेव्हा रडलेही तसेच, रुमालाच्या एका कोपऱ्यात. त्यानंतर दर रविवारी ते गोखिवऱ्याला आमच्याकडे येऊ लागले. दहा मिनिटं बसत, पाणी घेत आणि “माणसंसुद्धा बेतानंच वापरावीत,” असं म्हणून उठत.

एका रविवारी मात्र ते उठलेच नाहीत. बायकोनं पिठलं-भात वाढला, ते मुकाट जेवले. काकू भाजी निवडताना गुणगुणायच्या, हे त्यांनी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं. दिवेलागणीला दचकून उभे राहिले आणि चपला उलटसुलट घालून निघून गेले.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. फोन केला तर “बरं आहे” एवढंच. शेवटी मीच तुळिंजला त्यांच्या घरी गेलो.

“काका, आमचं काही चुकलं का?”

“छे, छे! मागच्या खेपेला माझ्याकडूनच जास्त झालं. आता महिनाभर तुम्हाला त्रास द्यायचा नाही, असं ठरवलंय.”

“त्रास कसला? बायको रोज विचारते, काका रागावले का म्हणून.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. “खरंच विचारते?”

निघताना ते जिन्यापर्यंत सोडायला आले. मग म्हणाले, गेटपर्यंत येतो. बोलता बोलता रिक्षास्टँड आला. मी आत बसलो तरी त्यांचा हात रिक्षाच्या दांडीवरच होता. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, “अंकल भी आएंगे क्या?”

मी जरा सरकून बसलो.