मागीलदारचं खळं

घाटकोपरला आमची बैठी चाळ होती आणि त्यातली आमची खोली शेवटची, म्हणून मागे दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा आमच्या वाट्याला आली होती. आम्ही तिला मागीलदार म्हणायचो. तिथे गवत नुसतं माजायचं आणि ते उपटायचं काम आईकडे. आई साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंग करायची. तिला सुट्टी एकच, रविवारची. ती सुट्टी धुणं, निवडणं आणि हे मागीलदार मिळून खाऊन टाकायचे. बाबांना ते दिसत होतं. आईचा रविवार सोडवायचा, असं त्यांनी दसऱ्याला जाहीर केलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाबा पडले पक्के मालवणी. गवत उगवू नये म्हणून काय करायचं, तर खळं! गावाला घरापुढे असतं तसं, माती चोपून केलेलं अंगण. "मुंबैत खळां बघूक लोक येतले," म्हणत त्यांनी फावडं उचललं.

दोन-तीन रविवार आम्ही सगळे त्यातच होतो. बाबा माती खणायचे, दादा आणि मी पाणी मारून ती तुडवायचो. ओरडा न खाता चिखलात नाचायला मिळणं म्हणजे काय थोडं सुख! बाबांनी फळीला दांडा ठोकून चोपणं केलं होतं. त्याने जमीन बडवली की शेजारच्या काकूंची भांडी वाजायची आणि काकू भिंतीवरून आमचा उद्धार करायच्या. शेवटी बाबांनी तबेल्यातून बादलीभर शेण आणलं, आईने सारवलं आणि खळं झकास दिसायला लागलं.

आठवड्यात त्याला भेगा पडल्या. रविवारी सकाळी आई पदर खोचून पुन्हा सारवायला बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही. बाबा दारात उभे राहून कौतुकाने बघत होते. कोपऱ्यापर्यंत सरकल्यावर आईने हात थांबवला.

"माका वाटलां, मुंबैक इलंय म्हणजे ह्या सारवणातसून सुटलंय," ती म्हणाली.

रागाने म्हणाली असती तर बाबांनी भांडून घेतलं असतं. ती नुसती दमली होती. गावाला सारवणं बायकांकडे. बाबा खळ्यावर खेळले होते, चांदण्यात झोपले होते, पण सारवलं त्यांनी कधीच नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. आईसाठी म्हणून जे केलं, ते तिच्याच मानेवर बसलं होतं.

दुसरा कोणी असता तर "मी सारवीन ना" म्हणाला असता आणि महिन्याभरात विसरला असता. बाबांनी संध्याकाळी पहार घेतली आणि आपलं लाडकं खळं स्वतःच्या हाताने उखडलं. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

जवळच एक बिल्डिंग उभी राहत होती. तिथल्या मुकादमाला विचारून आम्ही शहाबादी फरशीचे फुटके तुकडे गोणपाटातून आणले. वाळू पसरून ते बसवताना दादाची आणि माझी रोज मारामारी, कारण सरळ कडेचे तुकडे दोघांनाही हवे असायचे. मोरीचं पाणी जायचं त्या कडेला कर्दळ आणि अळू लावलं, म्हणजे पाणी घालायची कटकट नाही. कोपऱ्यात गवती चहा, तो तर विसरलं की जास्तच फोफावतो. फटींतून थोडं गवत यायचं, ते दादा आणि मी उपटायचो. बाकी झाडूचा एक हात मारला की काम संपलं.

त्यानंतरच्या एका रविवारी जेवण झाल्यावर आई मागीलदारी जाऊन भिंतीला पाठ टेकून बसली. पाय लांब पसरले होते. मांडीवर सूप नाही, हातात भाजी नाही. आत बाबा भांडी घासत होते, आदळआपट करत, पण घासत होते.

भिंतीवरून काकूंनी डोकं काढलं. "काय करतेस गं?"

"काय नाय," आई म्हणाली. "बसलंय."

आईच्या तोंडून हे उत्तर मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.