रस्त्याचा रकाना

आमच्या धाकट्या दिरांइतका वक्तशीर, आणि वेळेच्या बाबतीत तितकाच अडाणी माणूस सातारा-सांगलीत दुसरा सापडायचा नाही. बावीस वर्षं फौजेत काढून साताऱ्याला आले. तिथं गल्लोगल्ली माजी फौजी, हुकूम सोडायला माणूस मिळेना, म्हणून सांगलीला आमच्या डोक्यावर येऊन बसले. माझा चहा उकळायला किती मिनिटं लागली हे कॅलेंडरावर लिहायचे. देवपूजा आठ मिनिटांची. नववं लागलं की आरती असेल तिथं तोडायची, देव बिचारे अर्धवट ओवाळलेले. असल्या माणसाला, आजाऱ्यांच्या घरी सेवेला बायका पाठवणाऱ्या एका संस्थेनं हजेरी मांडायला ठेवलं. वहीत यांनी दोनच रकाने पाडले: घरात शिरल्याची वेळ आणि निघाल्याची वेळ. मधला रस्ता यांच्या लेखी नव्हताच. विश्रामबागेतल्या आजींना आंघोळ घालून बाई माधवनगरच्या आजोबांकडं उडत जाते, अशी समजूत असावी.

आमच्या गल्लीतली शांता रोज अशी तीन घरं करायची. दिवसभर पायाला भिंगरी, आणि वहीत रोज दोन तास कमी. एकदा जेवताना भावजी थंडपणे म्हणाले, "तास भरत न्हाईत तिचं. पयल्या तारखेपास्नं काढायची." नवरा गेल्यावर दोन लेकी त्या कामावर वाढवलेली बाई ती! म्हटलं, भावजी, एक दिवस घड्याळ घेऊन तिच्या मागनं हिंडा, मग खुशाल काढा.

गेले. वडाप रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलेना, तेव्हा यांनी रिक्षावाल्यालाच सावधानमध्ये उभं केलं म्हणे. संध्याकाळी गुडघा धरत आले आणि वही उघडून बेरीज मांडली. आठ तास बाहेर, पण त्यांच्याच नियमानं भरले सहा. पूर्ण आठ नाहीत म्हणून त्यांनी स्वतःच्या नावापुढं 'अर्धा दिवस' लिहिलं.

"आवं, दिवसभर तर हिंडलात," मी म्हटलं.

"व्हय वहिनी. पर वहीत कुठं दिसतंय?"

मग पट्टी मागून घेतली, पानापानावर मधोमध रेघ मारली आणि वर लिहिलं: रस्ता. संस्थेच्या साहेबांनी जाब विचारला, तर त्यांना म्हणाले, "फौजेत कूच म्हंजे ड्युटीच, साहेब. मीच इसरलो." शांता कामावर राहिली.

गुडघ्यापायी आता भावजी साताऱ्याला लेकाकडं असतात. संस्थेनं छापील वह्या आणल्यात, त्यात पुन्हा दोनच रकाने. नवी वही हातात आली की बायका आधी रस्त्याची रेघ मारून घेतात. भावजींइतकी सरळ मात्र कुणालाच जमत नाही.