सुभेदारांचं दुसरं कार्ड

रहिमतपूरला बदली झाली आणि मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालक सुभेदार ओसरीवर दाढी करत बसले होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्यांचा तरणाताठा मुलगा बुटाच्या नाड्या बांधत होता. सुभेदारांनी हात थांबवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, त्याला इचार, गाडी कितीची हाय?" आतून शालनकाकी पदराला हात पुसत आल्या. "संदीप, गाडी कितीची हाय?" "चारची," मुलगा म्हणाला. "चारची म्हणतोय," काकींनी नवऱ्याला सांगितलं. तोफखान्यात जन्म गेलेला माणूस, कान गेले असतील, असं मला वाटलं. म्हणून भाड्याचं मी चांगलं मोठ्यानं विचारलं. "बाई, हळू बोला," सुभेदार म्हणाले, "मला समदं ऐकू येतंय."

खरं काय ते पुढे काकींनीच सांगितलं. त्या घरात आजोबा फौजेत, वडील फौजेत, सुभेदार फौजेत. संदीपनं भरतीची मैदानी चाचणी मारली आणि मेडिकलच्या दिवशी हा पठ्ठ्या पुण्याला, ॲनिमेशनच्या कोर्सला. "तवापास्नं बाप बोलत न्हाई. मग पोरगंबी बोलंना. मीच हाय दोघांच्या मधी," काकी म्हणाल्या. संदीप पुढे कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागला. खेळात बॉम्ब फुटला की धूर कसा उठेल, धूळ कशी खाली बसेल, हे बघायचं त्याचं काम. काकी गल्लीत मोठ्या अभिमानानं सांगायच्या, "आमचा संदीप कंप्युटरमधी धूर सोडतो." बायका माना डोलवायच्या. यावर पुढे काय विचारावं हे कुणालाच सुचायचं नाही.

सुभेदार वाईट होते असं मात्र कुणी समजू नये. नळ गळतोय म्हणून सांगायला गेलं की आधी विचारायचे, "हुकूम हाय का इनंती? हुकूम असंल तर आत्ता करतो, इनंती असंल तर च्या पिऊन करतो." विनंती म्हणावं, तर चहा तसाच ठेवून पाना घेऊन निघायचे. मला डेंग्यू झाला तेव्हा रोज सकाळी दारात डबा ठेवून, कडी वाजवून निघून जायचे. बरी झाल्यावर आभार मानायला गेले, तर म्हणाले, "त्ये राशन हाय बाई. राशनचं आभार मानत न्हाईत." अशा माणसाला पोटच्या पोराशी दोन शब्द बोलता येऊ नयेत, याचा मला भयंकर राग यायचा. मी शाळेत तीस वर्षं पोरांना बोलतं केलं, आणि हे दोन बाप्ये एका ओसरीवर मुकाट.

मग काकी गेल्या. ताप आला, साताऱ्याला नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. दिवसकार्यात घर भावकीनं भरलेलं होतं, त्यामुळे कुणी ना कुणी निरोप इकडून तिकडे नेत राहिलं. माणसं पांगली आणि घर शांत झालं. संदीप पुण्याला गेला. त्या आठवड्यात त्याचा मला फोन, "मॅडम, आप्पा जेवतात का वेळेवर?" आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून सुभेदार, "बाई, पुण्याकडची काय खबर?" म्हणजे काकींची गादी मला मिळाली. एकदा मी वैतागून म्हणाले, "सुभेदार, मी काय पोस्ट उघडलंय का इथे?" तर म्हणाले, "हुकूम न्हाई बाई, इनंती हाय."

एका सकाळी ते माझ्या दाराशी उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, पण चेहरा उतरलेला. त्यांनी साताऱ्याहून नवा कॉम्प्युटर आणला होता, चांगल्या भारी ग्राफिक्स कार्डाचा. कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं यंत्र, एवढं मला त्या दिवशी कळलं. संदीपनं सुरुवातीच्या काळात ज्या खेळात काम केलं होतं, तो जुना खेळ दुकानदाराकडून त्यांनी त्यात घालून घेतला होता. "हिला लय वाटायचं, मी एकदा तरी बघावं," ते म्हणाले. "म्हनून बसलो. गोळा पडतो, आवाज येतो, भिंत फुटती. पण धूर कुठंच न्हाई, बाई. एवढा बी न्हाई." मग खाली बघत, "ह्याच्यासाठी त्यानं फौज सोडली व्हय?"

मला गलबलून आलं. म्हाताऱ्याला वाटत होतं की पोरानं आयुष्य ज्यावर उधळलं ते मुळात नव्हतंच.

मी संदीपला फोन लावला. आप्पांनी खेळ लावला, हेच त्याला पचेना. मग त्यानं समजावलं. धूर, धूळ, फडफडणारे कागद यांचा हिशेब त्या काळी कार्डच करायचं. नव्या कार्डांनी जुन्या खेळांचा तो हिशेब करणं बंद केलंय. म्हणून खेळ चालतो, पण धूर येत नाही. यावर उपाय एकच, नव्याच्या शेजारी जुन्या पिढीतलं दुसरं कार्ड बसवायचं. चित्र नवं काढेल आणि धुराचं जुनं बघेल. "पण मॅडम, त्यांना करू देऊ नका," तो म्हणाला. "खरंच परवडणारं नाही. वीज खातं, पेटी तापते, आणि चार जुन्या खेळांपलीकडे उपयोग शून्य. मी व्हिडिओ पाठवतो, तोच दाखवा."

मी निरोप पोचवला. सुभेदारांनी व्हिडिओ पाहिला, मोबाइल परत दिला. "ह्यो झाला फोटू. मला सोता त्या धुरातनं चालत जायाचंय."

माझं माहेर सांगलीचं. तिथे जुने सुटे भाग विकणारा एक दुकानदार माझ्या भावाच्या ओळखीचा. तेव्हा रविवारी आम्ही रहिमतपूर स्टेशनावरून पॅसेंजरनं निघालो. कॉम्प्युटरची पेटी चादरीत गुंडाळून सुभेदारांनी मांडीवर घेतली होती आणि सांगली येईपर्यंत ती खाली ठेवली नाही. दुकानदारानंही तेच सांगितलं, जे संदीपनं सांगितलं होतं. "काका, एका जुन्या खेळासाठी कोण दुसरं कार्ड घालतं? वाया जाईल." सुभेदारांनी शांतपणे विचारलं, "पेटीत जागा हाय का?" "जागा आहे." "मग बसवा."

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. कार्ड बसलं होतं, पंखा फिरत होता, आणि धूर अजूनही नव्हता. ते घामाघूम झाले होते. मी संदीपला फोन लावला. "धुराचं काम कुठल्या कार्डाकडे द्यायचं, ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं," तो म्हणाला. मी ते सुभेदारांना सांगितलं. "त्याला इचारा, सेटिंग कुठं आसतं?" मी विचारलं. "उजवं बटण दाबायला सांगा." मी सांगितलं. "दाबलं म्हनावं. म्होरं?" माझं डोकं फिरलं. मी फोन स्पीकरवर टाकला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझं दूध उतू चाललंय." घरात दुधाचा थेंब नव्हता. तशीच उठून मी माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीशी उभी राहिले.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला धास्ती वाटली की फोन बंद झाला. मग सुभेदारांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"हितं दोन नावं दिसत्यात. वरचं का खालचं?"

संदीप म्हणाला, "खालचं, आप्पा."

"खालचं. बरं. दाबलं."

मी ओट्याला धरून रडले. इतक्या वर्षांनी बाप लेकाशी बोलला आणि काय बोलला, तर वरचं का खालचं. पण मला ते पुरलं.

थोड्या वेळानं हाक आली. पडद्यावर एक पडकी गल्ली होती आणि ती धुरानं भरली होती. सुभेदार खेळातल्या शिपायाला पुढे नेत होते. धूर त्याच्या अंगावरून दुभंगून मागे पुन्हा मिळत होता. ते मागे फिरले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. शत्रू गोळ्या घालत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "ह्ये त्यानं केलंय," ते मला म्हणाले. मग फोनकडे वळले. "संदीप, वारं डावीकडनं हाय. मग मधली वाट मोकळी कशी? खऱ्या धुरात तोंडाफुडचं दिसत न्हाई रं."

"मी मुद्दाम मोकळी ठेवलीय, आप्पा. खेळणाऱ्याला पुढचं दिसायला पाहिजे. नाहीतर तो घाबरून खेळ बंद करतो."

सुभेदार विचारात पडले. "म्हंजे खोटा हाय."

"खोटा आहे."

"पर मानसाला वाट दावतो." त्यांनी मान हलवली. "चांगलं काम हाय. हिला दावायला पायजे हुतं."

पुढच्याच शनिवारी तो आला. बापलेक ओसरीवर बसले होते आणि सुभेदार हात फिरवून, डोंगरात गोळा पडल्यावर धूर कसा दरीला धरून उतरतो ते सांगत होते. संदीप मोबाइलवर ते टिपून घेत होता. मी मधून दोनदा गेले, माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

यंदा माझी बदली कवठे महांकाळला झाली. निघताना सुभेदार टेम्पोपर्यंत आले, सामानाच्या दोऱ्या स्वतः आवळल्या. गल्लीतल्या कुणीतरी त्यांना विचारलं होतं म्हणे, खेळासाठी असं दुसरं कार्ड घालावं का? मी विचारलं, काय सांगितलंत? "सांगितलं, घालू नगं. पैशे वाया जात्यात." आणि टेम्पोवाल्याला गाडी सावकाश न्यायचा हुकूम दिला. विनंती नव्हती ती, हुकूमच होता.

संदीपचे फोन मला आता येत नाहीत. सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, थोडं लागलं. परवा रविवारी सुभेदारांची आठवण आली म्हणून त्यांना फोन लावला. ते दुसऱ्या कॉलवर होते. भाकऱ्या झाल्यावर पुन्हा लावला, तरी दुसऱ्याच कॉलवर. जेवले, भांडी घासली, पुन्हा लावला. अजून बोलतच होते.