झाकलेली नाव, उघडी नाव

भादव्याचं आभाळ सकाळपासून भरून होतं. ना पडत होतं, ना उघडत होतं. लिंबाजी भोई कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळं गोळा करत होता. बोटाएवढी मासळी, बाकी सगळा पळसाचा पाला.

हिमायतनगरच्या पुढं, पैनगंगेला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठावर त्याचं घर. उन्हाळ्यात ओढा कोरडाठाक. पावसाळ्यात मात्र दगडांमधून असा फेसाळत सुटतो की पलीकडची वस्ती तुटून जाते. पूल होणार हे लिंबाजी लग्नाआधीपासून ऐकत आलेला. तोवर वस्तीतली माणसं, दुधाच्या कॅनी, दिवस भरलेल्या बाया, सगळं त्याच्या तराफ्यावरून. तराफा म्हणजे थर्माकोलचे ठोकळे, वर बांबू, खाली ट्रकच्या ट्यूबा. पन्नाशी गेली, कंबर धरली, गुडघे बोलायला लागले. तरी पलीकडून "लिंबाजीमामाऽ" अशी हाक आली की हातातली भाकर ठेवून उठायचं.

त्या दिवशी पूरग्रस्तांना मदत करणाऱ्या लातूरच्या एका संस्थेचा संगमेश जीपवर दोन नावा बांधून आला.

"मामा, यातली एकच ठेवता येते मला. दुसरी भोकरकडं द्यायचीय. चालवणार तुम्ही, तर निवडा बी तुम्हीच."

एक उघडी, शेंगेसारखी लांबट. दोन माणसं आणि एखादं पोतं मावेल अशी. दुसरी वरून झाकलेली, मधी एका माणसापुरतं भोक. त्यात गुडघे टेकून बसायचं, मांड्यांवरून पट्टा आवळायचा, कमरेला रबराचा घागरा घालून भोकाची कड बंद करायची. लाट अंगावरून गेली तरी आत थेंब शिरत नाही. पुरात दोर पलीकडं न्यायला हीच बरी, संगमेश म्हणाला. उघडीत पाणी भरतं, मग उपसत बसा.

"झाकलेलीच घ्या," गुणाबाई, लिंबाजीची बायको, ओट्यावरूनच म्हणाली. "एकट्या माणसाची हाय न? मग झालं. मागं बसतो म्हणून कुणी येणार न्हाई."

"अन् वस्तीवाले?"

"त्यांनी आमदाराला धरावं. माझ्या नवऱ्याला काय धरून राहिले?"

तिनं त्याच्याच मनातलं काढलं होतं. तराफा सडत आलेलाच. झाकलेली नाव दारात असली की "जागाच न्हाई बाबा" एवढं म्हटलं की सुटका. एक पावसाळा पाठ टेकून निजावं, बस. त्यानं चालवून बघायला घागरा कमरेला चढवला.

तेवढ्यात अंगणवाडीच्या तनुजाबाई पलीकडच्या वस्तीवर न्यायचं पोषण आहाराचं पोतं घेऊन काठावर आल्या. लिंबाजीला घागऱ्यात बघून हसू आवरेना त्यांना.

"मामा, आता फुगडी बी खेळा! पर यात माझं पोतं कुठं ठेवायचं?"

"डोक्यावर घ्या अन् पोहत जावा, बाई," गुणाबाई म्हणाली.

झाकलेली नाव सुटली ती माशासारखी. एवढी हलकी, एवढी कोरडी, की लिंबाजीला कंबर असल्याचाच विसर पडला. आणि मग वळणावरचा काळा खडक समोर आला.

खडक आला की भोई वल्हं मारत नाही, पाय टाकतो. तराफ्यावर दोन्ही पाय बाहेर सोडलेले असतात. टाचेनं रेटा दिला की तराफा वळतो. बापानं चालण्याबरोबर शिकवलेली गोष्ट. लिंबाजीनं उजवा पाय टाकला. म्हणजे टाकायला गेला. पाय पट्ट्याखाली आवळलेला होता, पण अंग पायामागं केव्हाच गेलं होतं. नाव पालथी झाली.

नाव उलटली की घागऱ्याची कडी ओढून सुटायचं, हे संगमेशनं सांगितलेलं. पाण्याखाली डोकं खाली, वर फेस; कडी कुठली सापडते? दोन्ही हात पट्ट्यातून पायच सोडवत बसले. खालच्या अंगाला दोर घेऊन उभा असलेला संगमेश पाण्यात शिरला; त्यानं कडी खेचली, पट्टा सोडवला, बगलेत धरून त्याला काठाला आणलं. लिंबाजी खोकत राहिला. नाकातोंडातून पाणी.

"बांधून मारता का वो माझ्या माणसाला!" गुणाबाई ओरडली.

"चूक माझी, मावशी. आधी शांत पाण्यात उलटून सुटायला शिकवाय पाहिजे होतं. मामा, मी ऱ्हातो इथं थोडे दिवस. जमंल तुम्हाला."

"हात शिकतील बाबा," लिंबाजी म्हणाला. "पाय न्हाई ऐकायचे आता."

गुणाबाईनं पदरानं त्याचं डोकं पुसलं, जोरजोरात, रागानं. मग उघड्या नावेकडं हात केला.

"ती ठिवून जा."

"मग हाका ऐकाव्या लागतील, गुणे."

"ऐका. जित्ते असाल तर ऐकाल न."

तनुजाबाई घुटमळल्या. "आज ऱ्हाऊ द्या मामा. उद्या नेऊ."

लिंबाजीनं धोतर पिळलं. कानातलं पाणी झटकलं. संगमेशनं उघडी नाव पाण्यात लोटून धरली होती. गुडघा दाबत लिंबाजी तिच्या मागच्या टोकाला बसला, दोन्हीकडं पाय बाहेर सोडून.

"पोतं मधी ठिवा, बाई," तो म्हणाला. "कडेला नगं. अन् चपला हातात घ्या."