कारण अकोल्यात होतं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. करणी, भानामती, अंगात येणं... याविरुद्ध बाबांनी छापलेली पत्रकं वाटतच मी मोठी झाले, आजही वाटते. हा अनुभव कुणी एखाद्या बुवाच्या दुकानात नेऊन टांगणार असेल, तर त्याने इथेच वाचणं थांबवावं.

मी अमरावतीत स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. बाबा अकोल्याला एकटे राहतात. गेल्या उन्हाळ्यात, सकाळी सव्वाअकराला, मी फळ्यावर दोन शब्द लिहिले – फिअर आणि अँक्झायटी. म्हटलं, "फिअरला समोर कारण असतं – कुत्रा अंगावर आला. अँक्झायटीत कारण दिसत नाही, तरी जीव थाऱ्यावर नसतो."

पोलीस भरतीची तयारी करणारी वैशाली मागून ओरडली, "मॅडम, मले तं रनिंगच्या आधी दोन्ही होते!"

सगळे हसले. मीही हसले... आणि मध्येच थांबले. छातीत काहीतरी आवळलं. दुखत नव्हतं. फक्त वाटत होतं – बाबांना फोन कर. आत्ता.

बाहेर येऊन लावला. "बाबा, तब्येत बरी हाय ना?"

"काहून वं? मले काय धाड भरली? गॅस झाला जरासा. तू तुया क्लास पाय."

पटलं नाही. बाबांच्या शेजारी राहणाऱ्या सुमनकाकूंना फोन करून त्यांच्याकडे पाठवलं. बाबा दारात बसले होते – बनियन घामाने चिंब, हात छातीवर. तरी "काही नाही" चालूच. काकूंनी सरळ ऑटो बोलावला. "भाऊ, भाषण दवाखान्यात द्या. उठा आता!"

हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

संध्याकाळी मी वॉर्डात पोचले. बाबा हळूच म्हणाले, "अकरापासून दुखून राहिलं होतं. लय भेव वाटलं वं. पन तुले सांगाचं नाही, असं ठरवलं होतं."

म्हणजे कारण त्यांच्यासमोर होतं, भीती त्यांची होती. मग शंभरेक किलोमीटरवर माझ्या छातीत आवळलं, ते काय होतं? योगायोग म्हणून पाहिलं. तो शब्द पुरत नाही, आणि दुसरा माझ्याकडे आजही नाही.

बाबांनी उलटतपासणी घेतलीच. "याच्या आधी असं किती डाव वाटलं अन् काहीच झालं नाही, ते लिहून ठेवलं का?"

"नाही."

"मंग हा पुरावा होत नाही."

"नाही होत, बाबा."

सलाईन नसलेल्या हाताने त्यांनी पांघरूण वर ओढलं.

"पन वाटलं तं फोन करत जाय."