मीठ बघून घातलंय

सगुणाबाईच्या हातचं मीठ कधी चुकत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. पिरंगुटच्या पलीकडच्या त्या गावात शाळेची खिचडी शिजवण्यात तिचा निम्मा जन्म गेला. पोरांच्या ताटात पडायच्या आधी खिचडी स्वतः चाखायची, हा शाळेचा नियम. बाकीचे नियम कोण पाळत होतं देव जाणे, पण हा नियम सगुणाबाईनं एक दिवस मोडला नाही. तळहातावर घास घ्यायचा, फुंकर मारायची, जिभेवर ठेवायचा नि मगच पळी हातात घ्यायची.

मग कोरोना आला नि शाळेला कुलूप लागलं. शाळा बंद करायला काय लागतं? पण दवाखाने चालू, औषधाच्या कंपन्या चालू, रुग्णवाहिका तर रात्रंदिवस चालू. तिथं राबणाऱ्यांना सगळे अत्यावश्यक म्हणत होते, त्यांच्या नावानं थाळ्याही वाजवून झाल्या. त्यांची पोरं दिवसभर कुठं ठेवायची, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रेश्मा मूळची लातूरकडची. गावात इंद्रजितच्या चाळीत भाड्याची खोली घेऊन राहायची नि कोविड सेंटरात फरशी पुसायची. नवरा केव्हाच सोडून गेलेला. आठ वर्षांच्या आरोहीला खोलीत ठेवायची नि बाहेरून कुलूप घालून कामावर जायची. दुसरं करणार काय? सगुणाबाई एकदा तिथून चालली होती, तर खिडकीच्या गजांतून आवाज आला, "मावशी, वाजले किती?" त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

शाळेमागच्या खिचडीच्या खोलीची किल्ली तिच्याच कनवटीला होती. तिनं मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "मला काही माहीत नाही असं समजा." म्हणजे हात वर केले, पण नाही म्हणाले नाहीत. राहिला इंद्रजित. चाळीचा मालक तोच नि शाळा समितीचा अध्यक्षही तोच.

"दवाखान्यातल्यांची पोरं हाय ती, काकू," तो म्हणाला. "गावात रोग आणतील."

"दवाखान्यातल्यांकडनं भाडं घेताना रोग लागत न्हाई व्हय तुला?"

इंद्रजितच्या कपाळाला आठी पडली, पण बाई खोटं बोलत नव्हती. शेवटी त्यानं एक अट घातली. एक जरी माणूस आजारी पडलं, तर खोलीला कुलूप, मग गयावया चालायची नाही. पहिल्याच दिवशी खोलीवर येऊन हे तो मुद्दाम पोरांच्या समोरही बोलला, दरडावून. पोरांनी ते चांगलंच ध्यानात ठेवलं.

चार पोरं यायची. आरोही, रुग्णवाहिका चालवणाऱ्या राजूचा ओम, आणि कंपनीतल्या बायांची दोन. आया घरचे तांदूळ-डाळ आणून द्यायच्या. सगुणाबाई पदर खोचून शिजवायची, पोरं लांब लांब बसून जुन्या पाट्यांवर लिहायची. आरोही थोरली, ती धाकट्यांना पाढे म्हणायला लावायची. शाळा म्हणा, कोंडवाडा म्हणा, पण दाराला बाहेरून कुलूप नव्हतं.

पुढल्या वर्षी दुसरी लाट आली. सेंटरातून रोज मढी बाहेर पडत होती, आणि इंद्रजितच्या घरी पुतणीची हळद निघाली. गुपचूप, मागच्या अंगणात, मांडव न घालता. माणसं मात्र भरपूर. स्वयंपाकाला सांगावा आला तो सगुणाबाईला. तिच्या मनात नव्हतं, पण खिचडीच्या खोलीवर ज्याचा शब्द चालतो त्याला नाही कसं म्हणणार? गेली बिचारी. चुलीजवळ घाम पुसत दिवसभर राबली. एकाच्याही तोंडाला फडकं नव्हतं. रोग दवाखान्यात राहतो, आपल्या भावकीत थोडाच येतो, असं ज्याला त्याला वाटत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी तिचं अंग कसकसायला लागलं. ती म्हणाली, राबण्यानं झालं असेल. खिचडी केली, रिवाजाप्रमाणं चाखली, तर अळणी. आणखी मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशीही अळणीच लागली. ती मनात म्हणाली, हल्लीच्या मिठात काही दम नाही. हात सैल सोडला. पोरं निमूट जेवली. माठातलं पाणी मात्र भराभर संपत होतं. ऊनही तसंच होतं म्हणा, तिला वेगळं काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेश्मा लेकीला न्यायला आली. दिवसभराची उपाशी. पातेल्यात उरलेला घास तिनं तोंडात टाकला नि तसाच बाहेर थुंकला.

"मावशी, मीठ केवढं घातलंय?"

सगुणाबाईनं मिठाच्या बरणीत हात घातला. चिमूट जिभेवर ठेवली. काही नाही. मूठ भरून तोंडात कोंबली. पिठासारखं लागलं. रेश्मा दाराशी गेली आणि तिथंच थांबली. सेंटरात काम करणाऱ्या बाईला आणखी सांगायला नको होतं.

"कवापासनं खारट हाय गं?" सगुणाबाईनं आरोहीला विचारलं.

"परवापासनं."

"मग बोलली का न्हाईस, बाय?"

"चव गेली म्हंजी कोरोना, आई म्हणती. तुमी आजारी हाय म्हणलं असतं, तर कुलूप लावलं असतं त्यांनी. मीच सगळ्यांना गप बसायला सांगितलं. पाणी पीत जेवा म्हणलं."

एवढीशी पोर. सगुणाबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. मग लांबूनच सगळ्यांना घरी पाठवलं आणि स्वतःच्या हातानं कुलूप घालून किल्ली इंद्रजितच्या उंबऱ्यावर ठेवून आली.

"मी म्हणलो नव्हतो?" इंद्रजित गावभर सांगत सुटला. "दवाखान्याच्या पोरांनीच आणला." चारही पोरांची तपासणी झाली. एकालाही काही निघालं नाही. इंद्रजितच्या घरात मात्र अंथरुणं पडली. तरी गावानं धरलं ते इंद्रजितचंच म्हणणं. सगुणाबाईला चार शब्द सुनवायचे होते, पण दम पुरत नव्हता. राजूनं तिला सेंटरात पोचवलं.

दोनदा ती जाता जाता राहिली. तिसऱ्या आठवड्यात उठून बसायला लागली. फरशी पुसायला रेश्माच यायची, नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. एके दुपारी तिनं उशाशी डबा ठेवला.

"आरोहीनं धाडलाय, खिचडी हाय. मीठ मी बघून घातलंय, सांग म्हणाली."

सगुणाबाईनं सवयीनं घास तळहातावर घेतला, फुंकर मारली. इतके दिवस तोंडात नुसता लगदा फिरायचा, आज जिभेला काहीतरी लागलं. मीठ होतं, अगदी बरोबर होतं. तिचे डोळे भरून आले. दुसरा घास घेतला तसा त्याच्यामागनं करपट वास वर आला. खिचडी बुडाला लागली होती.

"तू करून ठिवून येती न्हवं जेवाण?"

"भाकरी ठिवते. हे तिनं केलं. तुमच्यासाठी."

"स्टो कोण पेटवतं?"

"तीच."

"आन् दार?"

रेश्मानं बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि पलंगाखालची फरशी पुसायला वाकली. "किल्ली माझ्यापाशी हाय," ती म्हणाली.